मातीची प्रत

पुतण्याने मोबाइलवर एक फोटो दाखवला आणि मी सहज विचारलं, "कोणाचं वावर आहे हे?" जमीन उभी-आडवी फाटलेली. तळहात उभा आत जाईल एवढ्या भेगा, त्यांच्या कडा किंचित वर उचललेल्या, ढेकळांवर उन्हाची बारीक चकाकी. आमच्या नेरच्या शिवारात चैत्र-वैशाखात जिकडे पाहावं तिकडे हेच दिसतं. तो म्हणाला, "आपल्याकडचं नाही काका. पोमरोल आहे हे. ऑगस्टमध्ये काढला."

तो फ्रान्समध्ये तुलूझला विमानांच्या कारखान्यात नोकरीला आहे. तिथून अडीच-तीन तासांवर लिबूर्न नावाचं नदीकाठचं गाव, आणि त्याच्या ईशान्येला लागून पोमरोलचं शिवार. दिवाळीला येताना त्याने माझ्यासाठी तिथल्या वाइनची एक बाटली आणली होती. साल 2015. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेलं : द्राक्षं मर्लो 85 टक्के, काबर्ने फ्रां 15 टक्के, मद्यार्क साडेचौदा टक्के. ती बाटली मी तीन संध्याकाळी थोडी थोडी करून संपवली. त्या तीन संध्याकाळींविषयी हे लिहितो आहे. पण त्याआधी वडिलांविषयी सांगायला हवं, कारण चव कशी घ्यायची हे मी त्यांच्याकडून शिकलो, आणि त्यांनी आयुष्यात वाइनचा थेंबही घेतला नव्हता.

वडील कापसाचे ग्रेडर होते. 1972 साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली, तेव्हापासून ते खरेदी केंद्रावर बसायचे. बंडी आली की ते गंजीत कोपरापर्यंत हात घालत, आतला पुंजका उपसत, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूहळू ताणत. धागा कुठवर जातो आणि कसा तुटतो, झटकन की रेंगाळत, ते पाहत. मग उजेडाकडे धरून रंग, पिवळेपणा, कवडी. मी लहानपणी शेजारी बसून आधी रंगाकडेच बघायचो, तर म्हणायचे, "आधी बोटानं पाह्य, मंग डोयानं." रंग फसवतो, धागा फसवत नाही, एवढंच त्यांचं शास्त्र होतं. कुठल्याही चांगल्या वस्तूसमोर बसलो की माझ्या हाताला आजही चिमटीची सवय आहे.

आमच्याकडे ऑक्टोबरची संध्याकाळही तीस अंशांची असते आणि अशा वाइनला अठरा अंशांच्या आसपासचा गारवा लागतो. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून तासभर माठाजवळ ठेवली. फ्रीजमध्ये घातली असती तर गार झाली असती, पण गंध मिटला असता.

रंग मध्यभागी गडद, इतका की पेल्यामागचं बोट दिसत नव्हतं. कड मात्र विटकरी झालेली. दहा वर्षांच्या वयाची ही खूण. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की जो लाल उमटतो आणि थोड्या वेळाने तपकिरीकडे झुकतो, त्या दोन्ही छटा एका पेल्यात होत्या. पहिला वास घेतला तेव्हा जवळपास काहीच नाही. फक्त नव्या लाकडाचा, व्हॅनिलाकडे झुकणारा एक पदर, आणि तो मला जरा आगाऊ वाटला. ओकच्या पिंपाने बोलावं, पण सगळ्यांच्या आधी बोलू नये.

मी थांबलो. वीस मिनिटांनी पेला पुन्हा नाकाशी नेला तर आत माणसं जागी झाली होती. आधी पिकून काळा झालेला आलुबुखारा. मग वाळत घातलेलं तंबाखूचं पान. मग साखर न घातलेला कोको. आणि या सगळ्यांच्या खाली ओलसर, बंद जागेचा एक वास, पावसाळ्यात वारुळाजवळ अळिंबी उपटली की बोटांना लागतो तसा. जाणकार पोमरोलमध्ये ट्रफल शोधतात. मी ट्रफल पाहिलेला नाही, पण अळिंबी पाहिली आहे आणि तिच्याशी नातं पक्कं आहे. अगदी शेवटी शिसपेन्सिलला टोक करताना येतो तसा कोरडा, सरळ गंध. तो काबर्ने फ्रांचा. पंधरा टक्केच असलं तरी त्याने बाकीच्या गुबगुबीत वासांना कणा दिला होता.

तोंडात ती शिरली ती मऊपणाने. इतकी मऊ की क्षणभर वाटलं, हिच्यात पुढे काही नाही. पण जिभेच्या मध्यावर आल्यावर ती पसरली. पाणी मिळालेली काळी माती जशी आतून फुगते, भेगा मिटवते, तसं हिने तोंड भरून टाकलं. तुरटपणा उशिरा आला. आवळा जिभेवर झडप घालतो, जांभूळ जिभेला चिमटा काढतं. इथे तुरटपणा सगळ्या तोंडाला सारख्या जाडीचा, अतिशय बारीक विणीचा लेप होऊन बसला. मग मी चिमटीत धरून ताणायला सुरुवात केली, म्हणजे घोट गिळून नुसता बसून राहिलो. धागा किती जातो? पाच श्वास, सहा, आठ. आठव्या श्वासाला कोको होता, दहाव्याला लोखंडाची एक थंड आठवण, पाण्याच्या जुन्या लोखंडी बादलीची. तुटला तो झटकन नाही, विरत गेला. वडिलांनी लांब धागा म्हणून वरची प्रत लावली असती. एक उणं त्यांनी नक्की काढलं असतं : शेवटी घशाशी मद्यार्काची ऊब जरुरीपेक्षा जास्त. 2015 चा जून-जुलै तिकडे कोरडा आणि तापलेला होता, ऑगस्टच्या पावसाने वर्ष सावरलं. ती उन्हाची साखर या उबेत उतरली आहे.

आता त्या फोटोकडे परत येतो, कारण या चवीचं बरंचसं उत्तर त्या भेगांत आहे.

बोर्दोचा मुलूख दोन नद्यांचा. गारोनच्या आणि पुढच्या खाडीच्या डाव्या तीरावर मेदोक, तिथे गोट्यांची, वाळूची ऊबदार जमीन आणि काबर्ने सोव्हिन्यों. दोर्दोन्य नदीच्या उजव्या तीरावर सेंतेमिलियों आणि पोमरोल, तिथे चुनखडी आणि चिकणमाती, आणि मर्लो. बोर्दो शहराजवळ गारोनवर 1822 पर्यंत पूल नव्हता. व्यापारी सगळे डाव्या तीरावर. 1855 साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी दलालांनी तांबड्या वाइनची जी प्रसिद्ध प्रतवारी लावली, तिच्यात उजव्या तीराचं एक नाव नाही. सेंतेमिलियोंने 1955 साली आपली वेगळी प्रतवारी करून घेतली. पोमरोलने आजवर केलीच नाही. सारं पोमरोल सुमारे 800 हेक्टरचं, म्हणजे आपल्या हिशोबाने दोन हजार एकर. आमच्या तालुक्यातल्या दोन-तीन गावांचं शिवार एकत्र केलं तर याहून मोठं होईल. मोठे वाडे नाहीत, ठसठशीत बाजारपेठ नाही, चर्चचा एक मनोरा आणि भोवती वस्त्या. ज्याची प्रतवारी झाली नाही त्याची प्रत प्रत्येकाने आपल्या जिभेने लावायची. ग्रेडरच्या मुलाला हे आवडणारच.

त्या शिवारात त्रोतानुआ नावाची एक मातब्बर बाग आहे. हे नाव जुन्या फ्रेंचमधल्या 'फार त्रासदायक' अशा अर्थाच्या शब्दांवरून आलं असं सांगतात, कारण ती जमीन नांगरताना माणसं टेकीला यायची; ओली असताना पायाला चिकटणारी आणि वाळली की सिमेंट. हे वाचलं तेव्हा मी एकटाच हसलो. आमच्याकडे त्याच त्रासातून एक नेमका शब्द निघाला आहे, वाफसा. पाऊस उघडल्यावर काळ्या रानात शिरता येण्याचे ते दोन-तीन दिवस. आधी गेलं तर वखर चिखलात रुततो, नंतर गेलं तर ढेकूळ फुटत नाही.

पोमरोलच्या पठाराचा सगळ्यांत उंच भाग समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटर. तिथे निळसर चिकणमातीची एक गाठ जमिनीवर आली आहे, साधारण वीस हेक्टरची, आणि तिच्यातला मोठा वाटा पेत्रूस या बागेकडे आहे. पेत्रूस एकूण साडेअकरा हेक्टर, आणि आता वेली केवळ मर्लोच्या. तिची एक बाटली लाखांच्या घरात जाते. मी ती चाखलेली नाही, चाखण्याची शक्यताही नाही. पण मातीची मला ओळख आहे. ती स्मेक्टाइट कुळातली चिकणमाती आहे, पाणी प्यायली की फुगणारी, वाळली की फाटणारी. आपल्या कापसाच्या काळ्या मातीचा जीवही त्याच कुळात आहे. त्या कुळातलं सगळ्यांत ओळखीचं खनिज म्हणजे मॉन्टमोरिलोनाइट. आमच्या कृषी सहायकापासून विद्यापीठाच्या प्राध्यापकापर्यंत सगळे हे लांबलचक नाव घेतात. ते कुठून आलं हे मला साठी उलटल्यावर कळलं. फ्रान्समध्ये मोंमोरियों नावाचं गाव आहे, तिथल्या मातीवरून 1847 साली हे नाव पडलं. पोमरोलपासून ते गाव सुमारे दोनशे किलोमीटर. नेरच्या वावरातल्या चिखलाचं शास्त्रीय नाव पोमरोलच्या शेजारगावचं निघालं.

मात्र माती तीच म्हणून चव तीच असं मी म्हणणार नाही. उलट इथेच नीट बघायला हवं. जमिनीतलं खनिज मुळांवाटे चढून पेल्यात वास होऊन बसतं, ही समजूत गोड आहे पण खरी नाही. मी ज्याला लोखंडी बादली म्हटलं ती पोमरोलच्या तळातल्या लोहयुक्त थरातून थेट आलेली नाही. माती वेलीला चव देत नाही, पाणी देते, आणि मुख्य म्हणजे पाणी अडवून ठेवते. बोर्दो विद्यापीठातले जेरार सेगँ यांनी कित्येक वर्षं हाच अभ्यास केला : उत्तम बागांच्या माती एकमेकींसारख्या नसतात, पाण्याची वागणूक मात्र सारखी असते. पेत्रूसच्या मातीत मुळं खोल जाऊच शकत नाहीत, वरच्या थरात अडकून राहतात. जोराचा पाऊस आला की माती फुगून तोंड मिटते आणि वरचं पाणी उतारावरून निघून जातं. फळं पाण्याने फुगत नाहीत. उन्हाळा तापला की हीच माती धरून ठेवलेली ओल घोट घोट सोडते. वेल तहानलेली राहते पण मरत नाही. पाल्याची वाढ थांबते, मणी लहान राहतो, साल जाड होते. माझ्या तोंडात बसलेला तो दाट, बारीक विणीचा तुरटपणा असा तयार झाला.

मग नेरला का नाही? पाऊस तर दोन्हीकडे जवळपास सारखा, वर्षाला नऊशे मिलिमीटरच्या आसपास. त्यांच्याकडे तो बारा महिन्यांत वाटून पडतो, आमच्याकडे चार महिन्यांत कोसळतो. त्यांची चिकणमाती उंचवट्यावर आहे, पाणी उतरून जातं. आमची सखल, पाणी साचतं आणि मुळं कुजतात. नाशिकचा द्राक्ष बागायतदारही भारी काळं रान टाळतो, मुरमाड हलकी जमीन शोधतो.

नाशिकचं नाव आलं तर थोडं तिथलंही. राजीव सामंतांनी गंगापूर धरणाच्या बाजूला बाग लावली, 2000 साली सुलाची पहिली वाइन आली, पुढच्याच वर्षी राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. त्या उद्योगाला पोमरोलचा हातही लागलेला आहे : मिशेल रोलाँ हे पोमरोलच्या ल बों पास्तर बागेत वाढलेले तज्ज्ञ ग्रोव्हर या वाइन कंपनीचे सल्लागार होते, आणि ग्रोव्हर पुढे नाशिकच्या झांपाशी जोडली गेली. नाशिकला मर्लो होतो. पण तिथे वेल झोपत नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, अशी वर्षातून दोनदा ती कापावी लागते, आणि फळ थंडीत पिकून जानेवारी ते मार्चमध्ये उतरतं. मी चाखलेल्या नाशिकच्या मर्लोत फळ आहे, मऊपणा आहे, धागा आखूड आहे. दुसऱ्या-तिसऱ्या श्वासाला संपतो. सह्याद्रीच्या उन्हाला शिराझ जास्त मानवतो असं माझं मत झालं आहे, आणि चांगला शिराझ पिताना मला मर्लोची आठवण होत नाही.

मर्लो स्वभावाने उतावळा. लवकर फुटतो, म्हणून वसंतातल्या दहिवरात सापडतो. फुलोऱ्यात थंड पाऊस लागला तर मणी धरत नाही; आमच्या पऱ्हाटीची पातेगळ म्हणा ना. लवकर पिकतो आणि तहान फारशी सोसत नाही. अशा उतावळ्याला गार, ओल धरणारी चिकणमातीच आवरते. त्याचं नाव 'मर्ल' या काळ्या पक्ष्यावरून आलं, म्हणजे आपल्या कस्तूरच्या कुळातला. 1784 सालच्या एका नोंदीत लिबूर्नच्या परिसरातल्या चांगल्या वाणांत तो पहिल्यांदा दिसतो. बाप काबर्ने फ्रां, हे आधी कळलं होतं. आई कोण, ते या शतकात उमगलं : एक विसरलेली वेल, कुणी मळ्यात लावत नसलेली, शारांत भागातल्या खेड्यांत घरांच्या दारात मांडवावर चढलेली. शास्त्रात तिला नावसुद्धा नव्हतं. 22 जुलैला मग्दालेनेच्या सणाच्या सुमारास पिकते म्हणून लोक तिला माग्दलेन म्हणत, तेच पुढे शास्त्राने घेतलं : माग्दलेन न्वार दे शारांत. दारातल्या मांडवावरची ती अनाम वेल जगातल्या इतक्या मळ्यांची आई निघाली, हे वाचून मला आमच्या अंगणातल्या वालाच्या वेलाकडे जरा आदराने पाहावंसं वाटलं. आपल्याकडे संस्कृतात द्राक्षाला मृद्वीका असंही नाव आहे, मृदू असलेली ती. मर्लोसाठी याहून चांगला शब्द मला सापडलेला नाही.

1956 सालची गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या वर्षी जानेवारी ऊबदार गेला, वेलींत रस चढू लागला, आणि फेब्रुवारीत कडाक्याची थंडी आली. पोमरोलमधल्या वेली उभ्या फुटल्या. बहुतेकांनी उपटून नव्या लावल्या. पेत्रूसच्या मालकीण मादाम लूबा तेव्हा वृद्ध होत्या. त्यांनी खोडं जमिनीलगत छाटली आणि जुन्या मुळांतून फुटवा येण्याची वाट पाहिली. आपण उसाचा खोडवा ठेवतो तसा त्यांनी द्राक्षाचा ठेवला. कापसाची फरदड ठेवून बोंडअळीला आमंत्रण देणारे आम्ही. पण तिथे जुनी मुळं हेच भांडवल होतं. फुटवा आला. हाताशी आयुष्य किती उरलं आहे हे ठाऊक असलेली बाई मुळांवर भरवसा ठेवते, याने मी प्रत्येक वेळी हलतो.

दुसऱ्या संध्याकाळी बाटली अर्ध्यावर होती. बूच लावून पुन्हा माठाजवळ ठेवलेली. ओकची व्हॅनिला मागे सरली होती आणि आलुबुखाऱ्याची मनुका झाली होती. त्या मनुकेने मला थेट वैद्यांच्या माडीवर नेलं. तिथे बरणीत द्राक्षासव मुरायचं. मनुका, गोडवा आणि धायटीची तांबडी फुलं, स्वतःच्या आंबण्यातून स्वतःचा मद्यार्क करणारं औषध. आजारी मुलाला चमचाभर मिळे. तोच आंबूस, उबदार, फुलांच्या तुरटपणाने बांधलेला गंध या पेल्यात होता, फक्त साखर सगळी संपून गेलेली. ज्यांना वाटतं की वाइन आपल्या जिभेला परकी आहे, त्यांनी जुनं द्राक्षासव एकदा नीट हुंगावं.

एक गोष्ट मनापासून लिहितो. आमच्या जिल्ह्यात दारू हा शब्द रसग्रहणाचा नाही. दारूने उठलेली घरं मी माझ्याच गल्लीत पाहिली आहेत. दारूबंदीसाठी बाया मोर्चे घेऊन कचेरीवर गेल्या, त्यांत माझी बहीण होती, आणि ती बरोबर होती. वर्धा नदी ओलांडली की बंदीचा जिल्हा लागतो. एका बाटलीवर तीन संध्याकाळी घालवणं आणि मजुरीचे पैसे एका संध्याकाळी घालवणं यांच्यात माझ्या शहाणपणापेक्षा माझ्या परिस्थितीचा हात मोठा आहे. हे ठाऊक असूनही मी चवीबद्दल लिहितो, कारण शेतातून आलेल्या वस्तूकडे लक्षपूर्वक पाहणं मी शेतकऱ्यांच्या बंड्यांशेजारी बसून शिकलो, आणि ते लक्ष मला कुठल्याच पिकापासून काढून घेता येत नाही.

तिसऱ्या संध्याकाळी पुतण्या शेजारी बसला होता. त्याने सांगितलं की फोटोतल्या भेगा दिसतात त्याहून गंभीर आहेत. पोमरोल हे नाव लेबलवर लावायचं तर एरवी बागेला पाणी द्यायचं नाही, असा नियम. म्हणजे सारं पोमरोल कोरडवाहू. 2025 च्या ऑगस्टमध्ये लाफ्लर या बागेने, जिचं नाव पेत्रूसच्या बरोबरीने घेतलं जातं, पोमरोल हे नावच सोडत असल्याचं जाहीर केलं. उन्हाळे बदलले, वेली वाचवायच्या तर नियमात न बसणाऱ्या गोष्टी कराव्या लागतील, असं त्या कुटुंबाचं म्हणणं. साडेचार हेक्टरची बाग, साधारण अर्धा काबर्ने फ्रां. 1936 साली कायद्याने मिळालेलं गावाचं नाव सोडायचं आणि माती धरून ठेवायची. कोरडवाहू माणसाला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. मी त्याला विचारलं, मग चिकणमातीवाले काय म्हणतात? तो म्हणाला, "त्यांच्याकडे अजून थोडी ओल आहे, काका."

शेवटचा घोट गाळासकट आला. दहा वर्षांत तळाशी बसलेला काळसर, बारीक रवा. तो मी अंगठ्यावर घेतला आणि तर्जनीने चोळला, चिखलाची प्रत पाहतात तसा. रेघ उमटली, जांभळट-तपकिरी.

पेला न धुता रात्रभर ठेवला. रिकाम्या पेल्याचा सकाळचा वास हा माझ्या लेखी पेयाचा शेवटचा पदर. फळ गेलेलं असतं, मद्यार्क उडालेला असतो, उरतं ते खरं अंग. बायको चहा घेऊन आली. ती वाइन घेत नाही. मी पेला तिच्यासमोर धरला. तिने डोळे मिटून हुंगलं, जरा थांबली, पुन्हा हुंगलं.

"मनुका," ती म्हणाली. "आणि ओलं पोतं. सरकी भरून ठेवलेलं."

मी पेला परत घेतला आणि तिचं सरकीचं पोतं शोधू लागलो. होतं. तीन संध्याकाळी ते माझ्या नाकाखाली होतं.